शटर अर्धं खाली आलेलं असताना थांबलेल्या दादांचे आभार

आईची कंबर तीन वर्षं दुखत होती. दुखणं मणक्यात नव्हतं, त्रिकास्थी (पाठीच्या कण्याच्या तळाचं त्रिकोणी हाड) आणि कटीच्या हाडामधल्या सांध्यात, म्हणजे एसआय जॉइंटमध्ये होतं, हे कळायलाच फार वेळ गेला. सांध्यात बधिर करणारं इंजेक्शन दिल्यावर दुखणं एकदम ओसरलं, तेव्हा खात्री पटली. छोट्या छेदातून तीन इम्प्लांट बसवून सांधा जोडायचं ठरलं.

ऑपरेशनच्या दोन दिवस आधी सर्जननी फोन केला. आईच्या सीटी स्कॅनच्या सीडीवरचे काप, म्हणजे हाडाची थराथरांनी घेतलेली चित्रं, ५ मिलिमीटर जाडीचे होते. कॉम्प्युटरवर हाडाचं त्रिमितीय मॉडेल करून इम्प्लांटचा मार्ग आखायला साधारण १ मिलिमीटरचे काप हवेत. नाहीतर त्रिकास्थीतल्या नसांच्या छिद्रांपासूनचं अंतर नीट मोजता येत नाही.

भर पावसात कर्वे रस्त्यावरच्या स्कॅन सेंटरवर पोचले तेव्हा शटर अर्धं खाली आलं होतं. तुम्ही बॅग खांद्याला लावून निघाला होतात. "आईंना पुन्हा मशीनमध्ये झोपवायला नको. मूळ डेटा असेल अजून," म्हणालात आणि परत आत गेलात. पाऊण तास बसून बारीक काप काढलेत, सीडी माझ्यासमोर उघडून दाखवलीत. निघताना ती भिजू नये म्हणून स्वतःच्या डब्याची प्लास्टिकची पिशवी रिकामी करून दिलीत. डबा तसाच हातात धरून तुम्ही पावसात गेलात, ते अजून डोळ्यांसमोर आहे.

परवा आई वॉकर धरून गॅलरीपर्यंत गेली. पिशवी मी घडी करून ठेवली आहे. घाईत तुमचं नाव विचारायचं राहिलं, दादा. मनापासून आभार.