उशाशी बसून आवाज ऐकणाऱ्या तंत्रज्ञास

सप्रेम नमस्कार.

आपण येऊन गेल्याला आज आठ दिवस झाले. रात्री अकरानंतर मी भाषांतराला बसते, तेव्हा पलीकडच्या खाटेवरचा आईचा श्वास आता मला ऐकू येतो.

गेले सात महिने कॅबिनेटमधले तीन पंखे संगणक सुरू केल्यापासून बंद करेपर्यंत घोंघावत होते. आपल्याआधी आलेल्या एकाने ‘कॉम्प्युटर म्हटला की आवाज येणारच’ असे सुनावले; दुसऱ्याने तिन्ही पंखे बदलून पैसे घेतले आणि आवाज होता तसाच ठेवला; तिसऱ्याने तर आईलाच कानात कापूस घालायला सांगितले. यांपैकी एकानेही कॅबिनेटला कान लावला नव्हता.

आपण मात्र आल्याआल्या छताचा पंखा बंद करायला लावलात आणि मिनिटभर नुसते ऐकत राहिलात. नव्या पंख्यांना तीनच तारा असल्यामुळे त्यांचा वेग व्होल्टेज कमी-जास्त करूनच बदलतो. मदरबोर्ड मात्र चार तारांच्या पंख्यांसाठी असलेल्या पीडब्ल्यूएम पद्धतीवर, म्हणजे व्होल्टेज कायम ठेवून चौथ्या तारेतून वेगाचा इशारा देण्याच्या पद्धतीवर, ठेवलेला होता, म्हणून त्यांना सदैव पूर्ण 12 व्होल्ट मिळत होते, हे आपण मला समजेल अशा भाषेत सांगितलेत. बायोसमधली, म्हणजे संगणकाच्या मूळ सेटिंग्जमधली, एक निवड बदलताच मिनिटाला 1,200 फेरे घेणारे पंखे 650 वर आले. सात महिन्यांचा त्रास, आणि उपाय एवढाच!

मला वाटले, काम झाले. आपण हात धुऊन आलात, ‘मावशी, जरा इथे बसू का?’ असे आईला विचारलेत आणि तिच्या उशाशी बसून डोळे मिटलेत. टेबलापाशी जाणवत नसलेली बारीक घरघर तिथे भिंतीतून येत होती. आपण उठून कॅबिनेट भिंतीपासून चार बोटे पुढे ओढलेत, पुन्हा जाऊन बसलात, पुन्हा ऐकलेत. ज्याला त्रास होतो त्याच्या जागी जाऊन बसणे ही सभ्यता कुठल्या अभ्यासक्रमात शिकवत असतील असे मला वाटत नाही. ती घरातूनच येत असावी.

ठरलेल्या पैशांपेक्षा अधिक आपण घेतले नाहीत आणि घाईत चहाही राहिला. पैशांचे मी समजू शकते, पण चहाचे आईने मनाला लावून घेतले आहे, तेव्हा या बाजूला आलात की अवश्य यावे.

आपली ऋणी,
एक भाषांतरकार