जवानांच्या स्मृतिशिळा ॲसिडने धुऊ नका

संपादक महोदय,

१५ ऑगस्ट जवळ आला की सोलापूर परिसरात युद्धात कामी आलेल्या जवानांच्या स्मृतिशिळा धुतल्या जातात. कृपया संगमरवरावर ॲसिड ओतू नका. तो फेसाळून झिजतो आणि कोरीव अक्षरांच्या कडा आधी जातात. साधे पाणी, मऊ नायलॉन ब्रश पुरतो. तारेचा ब्रश नकोच.

व्हिक्टोरिया क्रॉस हा ब्रिटिशांचा सर्वोच्च शौर्यसन्मान मिळालेले नाईक यशवंत घाडगे १९४४ मध्ये इटलीत २२ व्या वर्षी धारातीर्थी पडले. त्यांची कबर नाही, तिथल्या कॅसिनो गावच्या युद्धस्मारकावर फक्त नाव आहे. इतके मोल असते त्या अक्षरांना!

रंग भरण्यापूर्वी सकाळच्या तिरप्या उन्हात फोटो काढा, पुसट अक्षरेही उठून दिसतात. सेवाक्रमांक, पलटण, तारीख त्यावरूनच उतरवा. रंगाऱ्याला अंदाजाने अक्षर गिरवू देऊ नका.

— एक वाचक, सोलापूर