पाडण्याआधी लेखी अहवाल हवा

‘आगीत होरपळलेली इमारत पाडल्याबद्दल मालकांचा महापालिकेवर दावा’ ही बातमी वाचली. मालकांचे म्हणणे रास्त वाटते. भिंत काळवंडली एवढ्यावरून ती धोकादायक ठरत नाही. काँक्रीट सुमारे ३०० अंश सेल्सिअसपुढे तापले की अनेकदा गुलाबी छटा धरते आणि कमकुवत होऊ लागते. पोलादाची ताकद ६०० अंशांच्या आसपास जवळपास निम्मी उरते. नमुने कापून तपासले की नुकसान किती खोल गेले ते कळते. इमारत रस्त्यावर कोसळण्याच्या बेतात असेल तर थांबू नये, हे मान्यच. पण तेव्हाही छायाचित्रे आणि अभियंत्याचा लेखी अहवाल हवाच. ढिगारा हलवला की आगीच्या कारणाचा आणि विम्याच्या दाव्याचा पुरावाच नाहीसा होतो.