बाबा, इथे संध्याकाळी व्होल्टेज फार पडतं

कुडाळजवळून,
मार्च महिना

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

इथे रेंज फक्त विहिरीपाशी येते, त्यामुळे फोनवर धड बोलणं होत नाही. बाबा, तुम्ही परवा विचारलंत की तू तिथे दिवसभर नक्की करतेस काय. मी नुसतं "लाइटिंग" म्हटलं आणि फोन कट झाला. एवढ्या एका शब्दात ते मावत नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

आमचा सगळा सिनेमा एका कौलारू घरात घडतो. एक आजी, मुंबईहून आलेला तिचा नातू आणि विकायला काढलेलं घर. पैसे बेताचे. मोठी जनरेटर व्हॅन नाही, मोठे दिवे नाहीत. म्हणून पहिलं काम केलं ते घर निवडायचं. रस्त्यालगतचं घर सोयीचं होतं, गाडी दारापर्यंत जायची. पण मी वरच्या वाडीतल्या घरासाठी हट्ट धरला. त्याची पडवी पूर्वेला आहे, माजघराला एकच खोल खिडकी आहे आणि स्वयंपाकघराच्या छपरात दोन काचेची कौलं आहेत. शूटिंगच्या आधी येऊन कोणत्या वेळी ऊन कुठे पडतं ते वहीत टिपून ठेवलं, आणि दिग्दर्शकाने वेळापत्रक त्या वहीवरून लावलं. सकाळी पडवी, दुपारी स्वयंपाकघर, उन्हं कलली की माजघर.

आई, ते स्वयंपाकघर तू बघायला हवंस. सारवलेली जमीन, धुराने काळ्या झालेल्या भिंती. असला काळोख उजेड नुसता गिळतो. पण बाराच्या सुमाराला काचेच्या कौलातून उन्हाचा सरळ झोत चुलीपाशी उतरतो, आणि चुलीतला धूर त्यात शिरला की तो झोत हवेतच दिसायला लागतो. अडचण एवढीच की सूर्य थांबत नाही, झोत तासाला दोन हात तरी सरकतो. आजी बोलतेय आणि पुढच्या शॉटमध्ये ऊन भलतीकडेच, असं चालत नाही. मग आम्ही लांबचे शॉट आधी उरकतो. जवळचे घ्यायची वेळ आली की लाइटमनदादा शिडीवरून कौलांवर गोणपाट टाकतात आणि त्याच कोनातून आमचा छोटा एलईडी पॅनेल लावतात. छपरावर कोणी चढायचं नाही हे मी पहिल्याच दिवशी सांगितलंय. कौलं फुटतात आणि माणूसही खाली येतो.

दादा मला सारखे विचारतात, "ताई, अजून एक लाइट मारू का?" बहुतेक वेळा मी नको म्हणते आणि उलट काळं कापड मागते. खिडकीच्या समोरच्या भिंतीवर ते टांगलं की चेहऱ्याची एक बाजू आपोआप गडद होते. उजेडापासूनचं अंतर दुप्पट झालं की तो साधारण चौथाई होतो, हे बाबा तुम्हाला सांगायला नको. आजींना खिडकीपासून दोन पावलं पुढे-मागे केलं तरी प्रसंगाचा मूड बदलतो, आणि त्याला पैसे पडत नाहीत.

पडवीसाठी आम्ही खळ्यात, म्हणजे अंगणात, पांढऱ्या चादरी अंथरतो. ऊन चादरीवर पडून पडवीच्या छताकडे उसळतं आणि आत मऊ उजेड पसरतो. ही युक्ती काही माझी नाही. सुब्रत मित्र नावाचे बंगाली छायालेखक होते. सत्यजित राय यांच्यासोबत पहिला सिनेमा केला तेव्हा ते विशीत होते, त्याआधी त्यांनी सिनेमाचा कॅमेरा कधी चालवलाही नव्हता. 1956 च्या 'अपराजितो'साठी काशीच्या घराचं अंगण कलकत्त्याच्या स्टुडिओत उभारलं होतं. सुब्रत मित्र यांनी वर पांढरं कापड ताणलं आणि दिवे त्याच्यावर मारून आकाशातून उतरल्यासारखा उजेड पाडला. माझ्यासारख्या नवख्या माणसाला रात्री झोप येत नाही तेव्हा मी हे आठवते.

आजींचं काम करणाऱ्या बाई सावळ्या आहेत, दशावतार आणि नाटकाच्या गावातल्याच. मेकअपवाल्याने त्यांना दोन छटा उजळ केलं होतं. मी ते पुसायला लावलं. सावळा चेहरा गोरा करून नीट दिसत नसतो. त्याच्यावर उजेडाची चमक कुठे पडते ते बघावं लागतं. गालावर किंचित खोबरेल लावलं, खिडकी बाजूला घेतली, आणि प्रत्येक सुरकुती बोलायला लागली. मॉनिटरवर बघून बाई म्हणाल्या, "ही तर माझी आई!" सावळा चेहरा गोरा करायचा नाही, यावर मी कोणाशीही भांडेन.

आता विजेचं, कारण तुमचा जीव त्यात. घरातलं वायरिंग जुनं आहे. दोन किलोवॅटचा दिवा जवळजवळ नऊ अँपिअर ओढतो, तो त्या घराच्या प्लगवर मी लावू देत नाही. एलईडी पॅनेल सव्वा अँपिअरच्या आसपास घेतो, तेवढंच तिथे चालतं. बाकी सगळं भाड्याच्या छोट्या जनरेटरवर. तो गडग्यापलीकडे, म्हणजे दगडी कुंपणापलीकडे, ठेवतो, नाहीतर आवाज ध्वनिमुद्रणात येतो. पण केबल लांबली की व्होल्टेज पडतं, म्हणून मी जाड केबल मागवली. अर्थिंग मी स्वतः तपासते, वीज मंडळात असताना तुम्ही जसे तपासायचात तसं. संध्याकाळी गावात व्होल्टेज उतरलं की पिवळे बल्ब आणखी लाल होतात, ते कॅमेऱ्यात लगेच कळतं.

आणि एक गंमत. आपल्या 50 सायकलच्या विजेवर ट्यूब सेकंदाला शंभर वेळा लुकलुकते. सिनेमा सेकंदाला 24 फ्रेमचा, म्हणजे 24 चित्रांचा, असल्यामुळे नेहमीच्या शटरवर चित्र फडफडू शकतं (प्रत्येक फ्रेम किती वेळ उघडी ठेवायची ते शटर ठरवतं). शटर 172.8 अंशांवर ठेवलं की प्रत्येक फ्रेम बरोबर एक पन्नासांश सेकंद उघडी राहते, म्हणजे दोन लुकलुकी पुऱ्या, आणि चित्र स्थिर. तेव्हा तुमची फार आठवण आली.

आई, रात्रीच्या कामाची काळजी करू नकोस. कातरवेळेचा प्रसंग सूर्य बुडाल्यावर वीस-पंचवीस मिनिटांत संपतो, दुपारभर त्याचीच तालीम असते. मध्यरात्रीचे प्रसंग आम्ही भर दिवसा खिडक्या झाकून करतो. मी, वेशभूषेची मुलगी आणि सहदिग्दर्शिका एकाच खोलीत झोपतो. मानधन कमी आहे, पण ठरल्याप्रमाणे येतंय.

एक काम आहे. कपाटात वरच्या कप्प्यात जुन्या पांढऱ्या सुती चादरी आणि आजोबांची धोतरं आहेत ना, ती एसटीच्या पार्सलने कुडाळला पाठव. पाठवण्याआधी नुसत्या साबणाने धू, नीळ अजिबात घालू नकोस. निळीचं कापड उन्हात निळसर उजेड टाकतं आणि चेहरे आजारी दिसतात. बाबा, सोबत तुमचा जुना टेस्टर आणि क्लॅम्पमीटर द्या. इथला मीटर धड आकडा दाखवत नाही.

तुमची,
मनू