गोळी का घ्यायची, हे रुग्णाला मराठीत सांगा

मा. संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

आपल्या आरोग्य पुरवणीतील रक्ताच्या कर्करोगावरचा लेख वाचला. लक्षणे, तपासण्या आणि खर्च यांची माहिती त्यात नेमकी आली आहे. मात्र ज्यांच्या बिघाडातून यातील कित्येक आजार उद्भवतात आणि आजची महत्त्वाची औषधे ज्यांच्यावर काम करतात, त्या विकरांचा, म्हणजेच एन्झाइमांचा, उल्लेख त्यात कुठेच नाही. परळ भागातील एका प्रयोगशाळेत रक्ताच्या स्लाइड तपासण्यात माझी सारी नोकरी गेली आणि निवृत्तीनंतर मी बाहेरगावाहून उपचारांसाठी येणाऱ्या रुग्णांना कागदपत्रांच्या कामात मदत करतो. विकरांची ही माहिती औषध घेणाऱ्याच्या रोजच्या उपयोगाची आहे, असे अनुभवाने पटल्यामुळे हे पत्र लिहीत आहे.

निरोगी प्रौढाच्या अस्थिमज्जेत दररोज सुमारे 200 अब्ज तांबड्या पेशी तयार होतात. जिच्यापासून सर्व रक्तपेशी बनतात त्या मूलपेशीने कधी विभागायचे, कोणत्या प्रकारची रक्तपेशी व्हायचे आणि कुठे थांबायचे, हे पेशीतील प्रथिने ठरवतात, आणि त्या प्रथिनांवर अंमल चालतो तो विकरांचा. कायनेज गटातील विकरे प्रथिनाला फॉस्फेट जोडून त्याला कामाला लावतात किंवा थांबवतात. दुसरी काही विकरे नको असलेल्या प्रथिनावर युबिक्विटिन नावाचे 76 अमिनो आम्लांचे चिमुकले प्रथिन चिठ्ठीसारखे डकवतात, आणि अशी चिठ्ठी लागलेल्या प्रथिनाचे प्रोटिअसोम या यंत्रणेत तुकडे होतात. या शोधाबद्दल सिचॅनोव्हर, हर्शको आणि रोझ यांना 2004 मध्ये रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. तांबडी पेशी पक्व होताना आपली जुनी प्रथिने याच मार्गाने काढून टाकते. म्हणून तर अखेरीस तिच्यात जवळजवळ हिमोग्लोबिनच उरते.

हा अंमल सुटला की काय होते, ते सीएमएल (क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया) या रक्ताच्या कर्करोगात स्लाइडवर डोळ्यांनी दिसते. निरोगी रक्ताचा थेंब काचेवर पसरून लीशमन स्टेनने रंगवला, तर तांबड्या पेशींच्या दाटीत जांभळ्या केंद्रकाची पांढरी पेशी शोधावी लागते. सीएमएलच्या स्लाइडवर मात्र पांढऱ्या पेशींचीच गर्दी असते, आणि एरवी अस्थिमज्जेबाहेर न पडणाऱ्या कोवळ्या पेशीही त्या गर्दीत सापडतात. दर घन मिलिमीटर रक्तात चार ते अकरा हजारांत असायला हवा तो पांढऱ्या पेशींचा काउंट अनेकदा लाखाच्या वर गेलेला असतो. या आजारात 9 आणि 22 क्रमांकांच्या गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल होते, हे अमेरिकी संशोधक जॅनेट रॉली यांनी 1973 मध्ये दाखवले. त्या अदलाबदलीतून बीसीआर-एबीएल हे असे कायनेज तयार होते, जे थांबायचे विसरलेले असते. 2001 पासून उपलब्ध झालेली इमॅटिनिब ही गोळी नेमकी या विकराच्या खोबणीत जाऊन बसते आणि त्याचे काम अडवते.

इथेच घोळ होतो. गोळी सुरू झाल्यावर काही आठवड्यांत काउंट उतरतो, माणूस कामावर जाऊ लागतो आणि घरात प्रश्न निघतो की रिपोर्ट नॉर्मल आला, तर आता रोज गोळी कशाला? मग ती एक दिवसाआड घेतली जाते किंवा गावी गेल्यावर बंदच होते. सर्वोच्च न्यायालयाने 1 एप्रिल 2013 रोजी या औषधाच्या पेटंटचा दावा फेटाळल्यामुळे भारतीय कंपन्यांच्या स्वस्त गोळ्यांची वाट मोकळी राहिली, तरीही हे घडते, याचे मला फार वाईट वाटते. गोळी विकराला अडवून धरते, पण विकृत मूलपेशी बहुतेक रुग्णांच्या अस्थिमज्जेत शिल्लक राहतात, आणि अटकाव उठताच त्यांचे विकर पुन्हा मोकाट सुटते. वर्षानुवर्षे उत्तम प्रतिसाद टिकलेल्या काही रुग्णांत डॉक्टर गोळी थांबवून पाहतात हे खरे. परंतु ते वारंवार पीसीआर तपासणी (रक्तात विकृत जनुकाचा अंश उरला आहे का, हे पाहणारी चाचणी) करूनच, आणि तरीही अशा रुग्णांपैकी निम्म्यांच्या आसपास लोकांत आजार परततो.

दुसरे उदाहरण मल्टिपल मायलोमाचे, म्हणजे अस्थिमज्जेतील प्लाझ्मा पेशींच्या कर्करोगाचे. त्यात दिले जाणारे लेनालिडोमाइड हे थॅलिडोमाइडच्या कुळातले औषध आहे. ज्या थॅलिडोमाइडमुळे हजारो बालके हातापायांच्या व्यंगांसह जन्मली आणि जे 1961 मध्ये बाजारातून काढून घेतले गेले, तेच. ही औषधे सेरेब्लॉन या प्रथिनाला चिकटून युबिक्विटिन डकवणाऱ्या विकराला नवे सावज दाखवतात. मायलोमाच्या पेशी ज्यांच्यावर जगतात ती इकारोस आणि आयोलोस ही प्रथिने त्यामुळे नष्ट होतात. गर्भात मात्र अवयवांच्या घडणीला आवश्यक असलेले प्रथिन याच रीतीने नष्ट होऊ शकते. गुण आणि धोका यांचे मूळ असे एकच आहे. सासऱ्यांना गिळता येत नाही म्हणून गरोदर सून हीच कॅप्सूल उघडून पाण्यात कालवत असलेली मी पाहिली आहे. कॅप्सूल उघडू नये, ही सूचना पाकिटावर बारीक इंग्रजी अक्षरांत होती.

म्हणून दोन विनंत्या आहेत. आपल्या पुरवणीने प्रत्येक औषधामागचे विकर कोणते आणि ते रक्तात काय करते, हे सोप्या मराठीत क्रमाने छापावे. मुंबईतील रुग्णालयांनी केसपेपरसोबत मोठ्या अक्षरांतले एक मराठी पान द्यावे. त्यावर गोळी कशाला अडवते, ती चुकली तर काय होते, घरात कोणी हाताळू नये आणि पुढची पीसीआर तपासणी कोणत्या तारखेला आहे, एवढे असले तरी पुरे. असे पान तयार करायला आणि धर्मशाळांत मुक्कामाला असलेल्या रुग्णांना वाचून दाखवायला माझ्यासारखे निवृत्त तंत्रज्ञ आनंदाने वेळ देतील.

आपला नम्र,
एक निवृत्त प्रयोगशाळा तंत्रज्ञ,
लालबाग, मुंबई