न सांगता पायथन बदललं, वर ७७७ करायला लावलं

होस्टिंग कंपनीची (जिच्या सर्व्हरवर माझी साइट आहे) सपोर्ट टीम आणि त्यांच्या वरचे जे कोणी हे वाचतील त्यांना,

काल पाचव्यांदा फोन झाला आणि आज हे लिहायला बसलोय. टिकेट तुमच्यासमोर असेलच, तुम्ही तीनदा 'रिझॉल्व्ह्ड' करून बंद केलंय आणि मी तीनदा उघडलंय.

माझा प्रोग्राम साधा आहे. मामांचं अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेल-चादरीचं होलसेल आहे, बाहेरगावचे दुकानदार फॉर्ममध्ये साइज, रंग, किती डझन ते भरतात आणि साठेक ओळींची पायथन भाषेतली सीजीआय स्क्रिप्ट (फॉर्म आला की सर्व्हरवर चालणारा छोटा प्रोग्राम) ते फाइलीत लिहून मामांना मेल करते. सीजीआय-बिन फोल्डरमध्ये टाकलेली, परमिशन ७५५ (म्हणजे फाइलीत लिहू फक्त मी शकतो, बाकीचे वाचू-चालवू शकतात), आधी पान कसलं आहे ते ब्राउझरला सांगणारं कंटेंट-टाइपचं हेडर, खाली एक रिकामी ओळ, मग पान. दोन वर्षं व्यवस्थित चालली. मग ऐन सोलापूरच्या गड्डा यात्रेच्या आठवड्यात सकाळी उघडून बघतो तर ५०० इंटर्नल सर्व्हर एरर, आणि मी कोडमध्ये एक अक्षर बदललेलं नव्हतं.

तुमच्या पॅनलमध्ये एरर लॉगचं, म्हणजे काय बिघडलं त्याच्या नोंदींचं, पान कोरं येतं, मागितला तर देत नाही. म्हणून दोन ओळींची दुसरी स्क्रिप्ट टाकली, फक्त हेडर आणि पायथनचं व्हर्जन छापणारी. ती चालली आणि ३.१३ दिसलं, आधी ३.११ होतं. तिथंच कळलं, माझी स्क्रिप्ट फॉर्म वाचायला 'सीजीआय' नावाचं मॉड्यूल (पायथनसोबत येणारा तयार कोड) वापरते आणि ते ३.१३ मधून काढून टाकलंय. काढायचा निर्णय पायथनवाल्यांचा, ३.११ पासून ते जुनं म्हणून जाहीर होतं, त्याचा दोष मी तुम्हाला देत नाही. पण सर्व्हरवरचं व्हर्जन तुम्ही रातोरात बदललं आणि एक मेल केला नाही. रिन्यूअलचे मेल मात्र महिनाभर आधीपासून येतात.

आता तो फोन. घरचे सगळे यात्रेतल्या अक्षता सोहळ्याला संमती कट्ट्याकडं गेलेले आणि मी पस्तीस मिनिटं होल्डवर. शेवटी तुमचा माणूस आला, मी मॉड्यूलचं सगळं सांगितलं, तो म्हणला, "सर, ब्राउझरची कॅशे क्लिअर करा." मी म्हणलं, दादा, ५०० म्हणजे सर्व्हरवर बिघडलंय, माझ्या ब्राउझरचा काय संबंध? तर म्हणला, "सर, आमच्याकडून सर्व्हर अप दिसतोय." अप असणारच, साधी पानं उघडतायत, स्क्रिप्ट मरायलीय म्हणून तर फोन केलाय! मग म्हणला, "फाइल आणि फोल्डर दोन्हीला ७७७ परमिशन द्या." मी म्हणलं असं करू नये, कुणीही लिहू शकेल अशी फाइल तुमचा सर्व्हर चालवूच देणार नाही. तो म्हणला, "सर, प्रोसीजर आहे, केल्याशिवाय टिकेट पुढं जात नाही." केलं. चालणारी दोन ओळींची स्क्रिप्टपण ५०० द्यायला लागली. आणि यावर तो काय म्हणला? "म्हणजे सर, तुमच्या कोडमध्येच प्रॉब्लेम आहे. तुम्ही वर्डप्रेस का नाही घेत?"

मी काय सांगायलोय ते त्यानं ऐकलंच नाही, याचा मला सगळ्यात जास्त राग आहे. ७५५ परत मी केलं. फॉर्म वाचायचा भाग पायथनमधलंच 'युआरएललिब' हे दुसरं मॉड्यूल वापरून मीच रात्री जागून लिहिला, स्क्रिप्ट आता चालतीय. तुमचा हात कशालाच लागला नाही. पण चार दिवस ऑर्डरी आल्या नाहीत, दुकानदारांनी दुसरीकडून माल उचलला, आणि मामा मला विचारायलेत की तू कसली कंपनी निवडलीस. मीच सुचवली होती हो तुमची कंपनी, आणखी तीन ओळखीच्यांना पण.

मला एरर लॉग बघायला मिळाला पाहिजे. व्हर्जन बदलायच्या किमान महिनाभर आधी मेल आला पाहिजे. त्या चार दिवसांचे पैसे परत पाहिजेत. आणि ७७७ करा म्हणून कुणालाही सांगायचं बंद करा, त्यानं दुसऱ्याची साइट उघडी पडेल. एक मेल तरी करायचा होता राव.

सात दिवसांत लेखी उत्तर आलं नाही तर १९१५ वर ग्राहक हेल्पलाइनला तक्रार टाकतोय आणि चारही डोमेन तुमच्याकडून हलवतोय. फोन करू नका, मेलच करा.