न दिसणारी खाडाखोड

मा. संपादक,
स. न.

मी एका तालुक्याच्या गावी शिक्षकांच्या पतसंस्थेत बावीस वर्षं क्लार्क आहे. लागले तेव्हा खतावणी हातानं लिहायचो. पहिल्याच आठवड्यात हेडक्लार्कनी बजावलं होतं, आकडा चुकला तर गिरवायचा नाही, खोडायचा नाही, व्हाइटनरची बाटली तर टेबलावर दिसताच कामा नये. आडवी रेघ मारायची, वर बरोबर आकडा लिहायचा आणि शेजारी सही. रेघेखालचा चुकीचा आकडाही वाचता आला पाहिजे.

पुढे संगणक आले. सभासदांचे शेअर्स, ठेवी, कर्जं, जामीनदार असं सगळं ॲक्सेस या मायक्रोसॉफ्टच्या नोंदी ठेवायच्या प्रोग्रॅमच्या एका फाइलमध्ये गेलं. फाइल मॅनेजरसाहेबांच्या संगणकावर, शेअर केलेल्या फोल्डरमध्ये. बाकीचे तिघं आपापल्या टेबलावरून तीच उघडायचो. पासवर्ड चौघांचा एकच, मॉनिटरच्या कडेला चिठ्ठीवर लिहून चिकटवलेला. कोणी रजेवर गेलं तर काम अडायला नको, एवढाच विचार.

मे महिना आमच्याकडे गर्दीचा. शाळेत नाव घालताना १ जून ही जन्मतारीख लावून घेतलेली माणसं अजून निवृत्त होताहेत, त्यामुळे ३१ मेच्या आधी बेबाकी दाखल्यासाठी, म्हणजे कर्ज बाकी नाही या दाखल्यासाठी, रांग लागते. गेल्या वर्षी असेच एक गुरुजी आले. मी पडद्यावर बघून कर्जबाकी सांगितली, १४,८५० रुपये. गुरुजींनी पिशवीतून पासबुक काढून माझ्यापुढे सरकवलं. म्हणाले, "बाई, एक शून्य खाल्लंत तुम्ही. मी १,४८,५०० देणं लागतो."

माणूस सरळ म्हणून निभावलं. पण मग शोध सुरू झाला. मार्चअखेर सभासदवार यादी आणि खतावणी पैशापैशाला जुळली होती. म्हणजे शून्य उडालं ते एप्रिल-मेमध्ये. कोणाच्या हातून, ते फाइल सांगेना. ॲक्सेसमध्ये 'टेबल', म्हणजे ओळी-रकान्यांचा तक्ता, उघडं असताना रकान्यात एखादं बटण चुकून दाबलं गेलं आणि आपण खालच्या ओळीवर गेलो, की वरची ओळ आपोआप सेव्ह होते. 'बदल ठेवू का?' असं ते विचारतसुद्धा नाही. आणि बाकी सांगायची म्हणून आम्ही दिवसातून वीस वेळा तेच टेबल उघडत होतो. बघायचं आणि लिहायचं, दोन्हीला दार एकच!

सगळ्यांच्या नजरा वळल्या नव्या मुलाकडे. वर्षभरापूर्वी लागलेला, त्यात गुरुजी त्याच्या लांबच्या नात्यातले निघाले. आठ दिवस कोणी त्याच्याशी धड बोललं नाही. मीही नाही. मग एके दुपारी एका सभासदाची बाकी बघताना माझीच बांगडी कीबोर्डला लागली आणि रकान्यातला आकडा बदलला. लगेच दिसलं म्हणून एस्केप दाबला. तेव्हापासून सांगते, ते शून्य माझ्या हातून गेलं नाही असं मी छातीवर हात ठेवून म्हणू शकत नाही. त्या मुलालाही म्हणता येत नव्हतं, आणि मॅनेजरसाहेबांनाही नाही.

एका संचालकांनी तोडगा काढला, "फाइलचा पासवर्ड बदला." बदलून काय होणार? नवाही चौघांना सांगावाच लागणार. ॲक्सेसच्या पूर्वीच्या, एमडीबी नावाच्या फाइलमध्ये माणसागणिक वेगवेगळे अधिकार देता यायचे. २००७ पासून जी नवी फाइल आली, तिच्यात ती सोयच काढून टाकली आहे. एक्सेलच्या 'प्रोटेक्ट शीट'वर विसंबणाऱ्या संस्था तर मी कितीतरी बघते. ते चुकून हात लागू नये म्हणून ठीक, मुद्दाम करणाऱ्याला त्याचं काही वाटत नाही.

शेवटी एका सभासदाची मुलगी सुट्टीवर आली होती, ती पुण्यात संगणकावरच्या अशा नोंदींचंच काम करते. तिनं फाइलचे दोन भाग केले. टेबलं एकीकडे, आणि आमच्या संगणकांवर नुसते फॉर्म. बाकी बघायचा फॉर्म आता फक्त बघण्यापुरता, त्यात बटण दाबलं तरी काही उमटत नाही. दुरुस्तीचा फॉर्म दोघांकडेच: अकाउंटंट आणि त्यांच्या रजेत मॅनेजर. प्रत्येक दुरुस्तीला जुना आकडा, नवा आकडा, तारीख, वेळ आणि कोणाच्या लॉगिनवरून, ते वेगळ्या टेबलात पडतं. आमच्या हेडक्लार्कांची आडवी रेघच ती!

तिनं एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगितली. फाइल वापरायची तर त्या फोल्डरमध्ये लिहायची परवानगी सगळ्यांनाच द्यावी लागते, म्हणजे कोणी अख्खी फाइल उचलून नेली किंवा उडवली तर हे फॉर्म काही करू शकणार नाहीत. खरा बंदोबस्त हवा तर टेबलं एसक्यूएल सर्व्हरसारख्या, माणसागणिक अधिकार देता येणाऱ्या प्रोग्रॅममध्ये न्या, त्याची एक आवृत्ती फुकट मिळते. संचालक मंडळापुढे विषय ठेवला आहे. पुढच्या सभेत, पुढच्या सभेत, असं चाललंय.

कंपन्यांना १ एप्रिल २०२३ पासून हिशेबाचं सॉफ्टवेअर असंच वापरावं लागतं, ज्यात प्रत्येक बदलाची नोंद राहते आणि ती बंद करता येत नाही. सातबाऱ्याच्या फेरफाराची नोंद तलाठी घेतो, पण मंडळ अधिकाऱ्यानं प्रमाणित केल्याशिवाय ती मंजूर होत नाही. आम्ही मात्र १९६० च्या सहकार कायद्याखालचे, कंपन्यांचा तो नियम आम्हाला नाही. आमच्याकडे आलेल्या लेखापरीक्षकांनी इतक्या वर्षांत "संगणकीकरण झालंय का?" एवढंच विचारलं. आकडा कोण कोण बदलू शकतं आणि बदलला तर कुठे दिसतं, हे एकदाही नाही. सहकार खात्यानं हे दोन प्रश्न तपासणीत घालावेत, एवढ्यासाठी हे पत्र.

तो मुलगा अजून आमच्याकडेच आहे. मी त्याची माफी मागितली. तो म्हणाला, "मॅडम, मला वाटत होतं तुम्हीच केलंय."

– एक क्लार्क, जि. सातारा
(संस्था ओळखू येईल, म्हणून नाव छापू नये ही विनंती.)